अर्ज आणि त्यानंतरचे पत्र

अर्ज दाखल झाला, बारनिशीत त्याची नोंद झाली, पोच हाती पडली, आणि निकाल मात्र लागलेला नाही, अशा मधल्या मुदतीत माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका तो अर्ज लिहिताना पडत नाही, हे महसूल खात्यात उमेदीची सगळी वर्षे इतरांचे अर्ज वाचण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. कोणी दर सोमवारी कचेरीच्या व्हरांड्यात येऊन नुसता उभा राहतो. कोणी वशिला शोधू लागतो. कोणी पूर्वीचाच मजकूर, फक्त अधिक करुण स्वरात, स्मरणपत्र म्हणून पुन्हा पाठवतो. आणि क्वचित एखादा असा निघतो, की ज्याच्या दुसऱ्या कागदात पहिल्यात नसलेली एखादी गोष्ट असते, विहिरीला पाणी लागल्याची, वाटणीपत्र नोंदवल्याची, थकलेला सारा भरून टाकल्याची, आणि ती वाचताच अव्वल कारकून तो कागद मूळ प्रकरणास जोडून साहेबांपुढे पुन्हा ठेवतो. सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीत येऊन राहिल्यावर या अनुभवाचा कोणाला उपयोग होईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आपल्याकडील गुणवत्तायादीच्या सरळ हिशेबात वाढलेल्या माणसाला अमेरिकेतील महाविद्यालयप्रवेशाची रीत प्रथमदर्शनी फारच गहन वाटते. शाळेच्या शेवटच्या वर्षी, बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास, आपल्या आवडीच्या संस्थेकडे आगाऊ अर्ज करता येतो. त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. आणि तो मंजूर किंवा नामंजूर एवढाच नसून ‘डिफर्ड’ असाही असू शकतो, म्हणजे प्रकरण तूर्त तहकूब ठेवले असून मार्चअखेर इतर हजारो अर्जांबरोबर त्याचा पुन्हा विचार होईल. मार्चअखेरही पुन्हा तीच तऱ्हा: कोणाला होकार, कोणाला नकार, आणि कोणाचे नाव ‘वेटलिस्ट’वर, जिचे भवितव्य होकार मिळालेल्यांपैकी किती मुले १ मे या सर्वमान्य मुदतीपर्यंत आपली जागा पक्की करतात यावर अवलंबून. या दोन्ही टांगत्या अवस्थांत उमेदवाराने संस्थेस एक पत्र लिहावे, आपली इच्छा अद्याप कायम असल्याचे कळवावे, आणि मधल्या काळात जे नवे घडले असेल ते सांगावे, असा इथला रिवाज आहे. त्याला ‘लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट’ म्हणतात; आणि एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत विखुरलेल्या आमच्या मराठी घरांत जानेवारी उजाडला, की संक्रांतीच्या हळदीकुंकवातसुद्धा तिळगुळाच्या वाटीबरोबर या पत्राचा विषय फिरू लागतो.

इच्छा कायम आहे हे कळवण्यात गैर ते काय, असे कोणी विचारील. गैर काहीच नाही. परंतु संस्थांनी या इच्छेचे जे मोजमाप आरंभले आहे ते मला मान्य नाही. ‘कॉमन डेटा सेट’ या नावाचे एक वार्षिक विवरणपत्र इथली पुष्कळ महाविद्यालये प्रसिद्ध करतात, आणि त्यात गुण, निबंध, शिफारसपत्रे इत्यादी निकषांच्या रांगेत ‘उमेदवाराच्या आवडीची पातळी’ असाही एक निकष छापलेला असतो, ज्यापुढे काही संस्था ‘विचारात घेत नाही’ अशी खूण करतात, तर काही तो महत्त्वाचा मानतात. आणि मानणाऱ्यांपैकी कित्येकांच्या दप्तरी मूल आवार पाहून गेले काय, त्यांनी धाडलेले ई-मेल त्याने उघडले काय, याचीसुद्धा नोंद असते. विमानाचे भाडे खर्चून आवार पाहून येणाऱ्याची आवड पक्की, आणि शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसणाऱ्याची कच्ची, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो हे मला उमगलेले नाही. या सगळ्या पद्धतीचे कूळही फारसे निर्मळ नाही. पूर्वेकडील जुन्या, मातबर संस्था विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः प्रवेशपरीक्षेवर विसंबून असत. त्या परीक्षेच्या दाराने ज्यू स्थलांतरितांची हुशार मुले मोठ्या संख्येने आत येऊ लागली, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येस मर्यादा घालण्याचा विचार मांडला, आणि तसा उघड कोटा प्राध्यापकमंडळाने नाकारला तरी छायाचित्र, मुलाखत, ‘चारित्र्य’ असल्या मोजता न येणाऱ्या गोष्टींना पुढील काही वर्षांत जे माहात्म्य आले ते त्याच भावनेतून आले. आजचे हेतू निराळे आहेत, हे मी कबूल करतो. तथापि जिथे माप नसते तिथे माप घेणाऱ्याच्या मर्जीला जागा मिळते, हे आमच्या कचेरीत जसे खरे होते तसे इथेही असावे.

माझ्या नातीचे प्रकरण डिसेंबरात असेच तहकूब झाले. तिला पर्यावरण अभियांत्रिकी शिकायची आहे, आणि ज्या महाविद्यालयावर तिचा जीव जडला होता त्याचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. चार दिवस ती फारसे बोलली नाही, मग नाताळच्या सुटीत तिने एक मसुदा तयार केला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाली, “आजोबा, एकदा नजर घाला ना.” मसुदा नीटनेटका होता. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात लहानपणापासूनचे स्वप्न, लाल विटांच्या इमारती आणि शरद ऋतूतील पानांचे रंग, तिसऱ्यात संस्थेच्या माहितीपत्रकातून उचललेली दोन प्राध्यापकांची नावे आणि ‘मला संधी द्याच’ अशा अर्थाची विनवणी. मी विचारले, “हे तू दुसऱ्या कॉलेजला पाठवलंस, तर किती शब्द बदलावे लागतील?” ती जरा हिरमुसली. “सगळे असंच लिहितात, आजोबा.” मी म्हटले, “मग यातलं तुझं कोणतं, हे त्यांनी कसं ओळखायचं?”

दुसऱ्या दिवशी मी तिला आनंदीबाई जोशींचे पत्र वाचायला दिले. फिलाडेल्फियातील ज्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात आनंदीबाई शिकल्या त्या १८५० साली स्थापन झालेल्या संस्थेचे जुने दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि २८ जून १८८३ रोजी न्यू जर्सीतल्या रोझेल गावाहून, म्हणजे आमच्या घरापासून मोटारीने फार दूर नसलेल्या गावाहून, त्यांनी कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले पत्र तिथे जपून ठेवलेले आहे. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’मुळे ही जीवनकथा मराठी वाचकास तोंडपाठ आहे, परंतु ती कथा आरंभापासून एका अर्जाची आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहाराची कथा आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

तो पहिला अर्ज आनंदीबाईंचा नव्हताच. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशींनी १८७८ साली कोल्हापूरहून मिशनऱ्यांना लिहिले, की आपणास पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत यायचे आहे, आणि तिथे उपजीविकेची काही सोय होईल तर पाहावे. कोल्हापुरात पूर्वी काम करून मायदेशी परतलेले रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांच्याकडे हे प्रकरण गेले. त्यांनी त्यावर धर्मांतराचा उपदेश केला, आणि प्रश्नोत्तरासह सारा मजकूर आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून टाकला. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर अर्ज निकाली निघाला आणि अर्जदाराची जाहीर शोभाही झाली. पण छापलेला कागद कोणाच्या हाती पडेल हे छापणाऱ्याच्या हाती नसते. १८८० साली रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो जुना अंक त्यांच्या हाती आला, आणि ज्या मुलीचा त्या मजकुरात नुसता ओझरता उल्लेख आला होता तिला त्यांनी पत्र लिहिले.

त्यानंतरची सुमारे तीन वर्षे मला या कथेचा गाभा वाटतात. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा मुक्काम हलत राहिला, आनंदीबाईंची प्रकृती ढासळत गेली, इतकी की कार्पेंटरबाई अमेरिकेहून औषधे धाडू लागल्या. आणि या सगळ्या काळात ती मुलगी आपल्या या न पाहिलेल्या मावशीला सण, आहार, पोशाख, रूढी, बालविवाहाने मुलींच्या शरीराची होणारी हानी अशा विषयांवर लिहीत राहिली. ‘मला बोलवा’ हा त्या पत्रांचा सूर नव्हता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्यानंतर जो प्रश्न तिच्या मनात घर करून बसला होता, त्याचा ती विचार करीत होती, आणि तो विचार कागदावर दिसत होता. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने जमलेल्या लोकांसमोर आपण अमेरिकेस का जात आहोत हे इंग्रजीतून जाहीरपणे सांगितले, एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजाने निघाली, आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. त्याच महिन्याच्या अखेरीचे ते पत्र.

नातीने ते वाचले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी मात्र, निवृत्त झालो तरी खोड जात नाही, त्यातील रचना तिला दाखवू लागलो. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे अठरा वर्षांची ती मुलगी आडपडदा न ठेवता स्वतःच सांगून टाकते, आणि आपले प्रकरण अपवादात्मक आहे म्हणून ते त्या दृष्टीने पाहावे अशी विनंती करते. आपले वैगुण्य अर्जदाराने स्वतः लिहिले, की कारकुनाला ते शोधण्यातला आनंद उरत नाही. मग ती आपल्या निर्धाराचा दाखला देते, परंतु विशेषणांनी नव्हे. इष्टमित्रांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून आपण इथवर आलो, एवढी घडलेली गोष्ट ती पुढे ठेवते. आणि शेवटी ती ज्या बायका पुरुष डॉक्टरच्या हाताने उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील त्यांचे नाव घेते. साऱ्या पत्रात महाविद्यालयाच्या इमारतीची, परंपरेची, प्राध्यापकांची स्तुती नाही. तिला जिथे जायचे आहे ते ठिकाण त्या महाविद्यालयाच्या पलीकडे, हिंदुस्थानातल्या बाळंतिणीच्या खोलीत आहे, आणि तिथे जाण्याची वाट तुमच्या दारातून जाते, इतकेच ती कळवते. याचना करणारा माणूस वाचणाऱ्याला वरच्या पायरीवर बसवतो. हिने वाचणाऱ्याला आपल्या कामात भागीदार केले.

कॉलेजने प्रवेश दिला, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली, आणि ११ मार्च १८८६ रोजी पंडिता रमाबाईंच्या उपस्थितीत त्यांना पदवी मिळाली. पुढल्या वर्षी २६ फेब्रुवारीस पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या इस्पितळातील स्त्रीविभागाची नेमणूक हाती असून त्या तिथे रुजू होऊ शकल्या नाहीत. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. नात म्हणाली, “म्हणजे उपयोग काय झाला?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि मी ते बनवून दिले नाही.

संस्थेशी धागा तुटू न देण्याचा दुसरा वस्तुपाठ बाबासाहेब आंबेडकरांचा आहे, आणि तो थोडक्यात सांगतो, कारण तो अधिक परिचित आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तिथून १९१६ साली लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतताना त्यांनी ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मधल्या काळात बडोद्यास राहायला जागा मिळू न देणारी अवहेलना, मुंबईतील सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्या पगारातून केलेली काटकसर, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज. आणि मुदत सरण्यापूर्वी, १९२० साली, ते लंडनमध्ये पुन्हा हजर. १९२३ साली ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी हाती आली. तिकडे कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून सादर केल्याविना मिळत नसे. तो प्रबंध १९२५ मध्ये, त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, ग्रंथरूपाने निघाला आणि पदवी १९२७ साली रीतसर मिळाली. चौदा वर्षे एखाद्या विद्यापीठाशी प्रकरण चालू ठेवणाऱ्या या विद्यार्थ्याने प्रत्येक टप्प्यावर दप्तरी जमा केले ते पुरे झालेले काम.

आता नातीच्या कामाकडे येतो. न्यू जर्सीत बर्फ पडण्याचा अंदाज आला, की नगरपालिकेचे ट्रक रस्त्यांवर मीठ पसरतात. ते मीठ वितळलेल्या बर्फाबरोबर गटारांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत जाते. नातीच्या शाळेमागे रॅरिटन नदीला मिळणारा असाच एक ओढा आहे, आणि गेले दोन हिवाळे ती प्रत्येक हिमवर्षावानंतर तिथले पाणी तपासते. तपासण्याचे साधन अगदी साधे: बोटभर लांबीची एक तपकिरी पट्टी कपातल्या पाण्यात उभी करायची, काही मिनिटांत तिच्यावर एक पांढरी रेघ वर चढत जाते, ती ज्या आकड्यापाशी थांबते तो सोबतच्या कोष्टकात पाहायचा, की दर लिटरमागे किती मिलिग्रॅम क्लोराइड आहे ते कळते. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने जलचरांसाठी दीर्घकाळच्या संपर्काची मर्यादा १९८८ साली २३० मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. हातमोज्यातून पट्टी नीट धरता येत नाही, म्हणून ही मुलगी उणे तापमानात एक हात उघडा टाकून बसते, आणि तिची आई खिडकीतून ओरडत राहते. एका मोठ्या हिमवर्षावानंतर तिचे आकडे त्या मर्यादेच्या कितीतरी वर गेले, तेव्हा तिने ते कोष्टक नगरपालिकेच्या बांधकाम खात्याकडे नेले. तिथल्या मुकादमाने तिला बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचे पाणी फवारल्यास एकूण मीठ कमी लागते हे समजावून सांगितले, आणि शाळेभोवतीच्या दोन रस्त्यांवर तसे करून पाहण्याचे मान्य केले. नगरपालिकेकडे जाण्याचे हे सगळे अर्ज गेल्यानंतरचे. आणि मसुद्यात त्याला अर्धे वाक्य!

नवे पत्र तिने स्वतःच लिहिले. मी शुद्धलेखनाच्या पलीकडे गेलो नाही, आणि इंग्रजी शुद्धलेखनात तर तीच माझ्या चुका काढते. पत्र एका पानात बसले. संस्थेचे आभार एका ओळीत. मग ओढा, आकडे, मुकादम, दोन रस्ते. मग अजून न सुटलेला प्रश्न, म्हणजे जमिनीत मुरलेले मीठ उन्हाळ्यातही ओढ्यात उतरते काय. आणि तो प्रश्न सोडवायला जे गणित व रसायन लागेल ते आपणास कुठे शिकता येईल असे वाटते, याची दोन वाक्ये. शेवटच्या वाक्यावर घरात वाद झाला. ‘प्रवेश दिलात तर निश्चित येईन’ असे लिहावे, असा तिच्या मैत्रिणींचा आणि पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एका गृहस्थाचा आग्रह होता. माझा मुलगा म्हणाला, “आर्थिक मदत किती देणार हे कळल्याशिवाय आपण शब्द कसा देणार?” शेवटी ‘आपली संस्था ही माझी पहिली पसंती आहे’ एवढे लिहून ती थांबली, कारण तेवढे खरे होते. असले वचन एकाच वेळी चार ठिकाणी देणारी मुले असतात असे ऐकतो. त्यांना दोष देण्याआधी ते वचन मागणाऱ्यांकडे पाहिले पाहिजे.

एक तांत्रिक गोष्ट इथे नोंदवतो. काही संस्था असे पत्र नकोच म्हणतात, काही त्यासाठी ठराविक नमुना देतात, एम.आय.टी. फेब्रुवारीत विचाराधीन उमेदवारांकडून मध्यवर्षीय गुण आणि नवी माहिती अशाच एका नमुन्यात मागवते. जिथे नको म्हटले असेल तिथे पाठवू नये. साहेबांनी हुकूम काढला असता त्याविरुद्ध स्मरणपत्र धाडणारा अर्जदार कोणत्याच मुलखात लाडका नसतो.

मार्चअखेर त्या महाविद्यालयाने तिचे नाव प्रतीक्षायादीवर टाकले. रटगर्स विद्यापीठाने मात्र तिला प्रवेश दिला होता. तिथली अनामत १ मेच्या आत भरून तिने आपली जागा पक्की केली, दुसरीकडे चार ओळींचे एक पत्र धाडून नाव यादीवर राहू दिले, आणि जूनमध्ये ती यादी बंद झाल्याचे कळले. त्या यादीतून दरवर्षी किती मुले घेतली जातात हेही वर सांगितलेल्या विवरणपत्रात छापलेले असते. काही नामांकित संस्थांपुढे काही वर्षी तिथे शून्य आढळते, तेव्हा आशा धरण्यापूर्वी तो आकडा अवश्य पाहावा. रटगर्स रॅरिटनच्याच काठी आहे, आणि उन्हाळ्यातल्या मिठाचा प्रश्न तिने सोडलेला नाही.

ज्यांच्या घरी सध्या असे प्रकरण तहकूब आहे त्या पालकांना माझी विनंती आहे: जिथे होकार आला आहे तिथली अनामत आधी भरा, मग ते दुसरे पत्र लिहू द्या, आणि ते मुलालाच लिहू द्या. सल्लागाराचे पैसे वाचतील ते पहिल्या सहामाहीच्या पुस्तकांना होतील.